वीतभर पट्टी

सिंगापुरात टॅम्पिनीसला आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, खाली एक हार्डवेअरचं दुकान होतं. एका दुपारी तिथून मी फोमच्या चिकट पट्टीची बारा रिळं घेतली, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "एअरकॉन?" इथे लोक ती पट्टी एअरकॉनच्या खोलीच्या दाराला लावतात, आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. मी सरळ हो म्हणून टाकलं. मला गारवा बाहेरच अडवायचा आहे, आणि तोही निफाडच्या अलीकडच्या एका गावातला, हे त्याला घाम पुसत कुठे समजावत बसू? माझ्या लेकीने मात्र विचारलंच. ती तेव्हा सहा वर्षांची होती. "मम्मा, आजीच्या घरी एअरकॉन आहे?" मी म्हटलं, "आजीच्या गावाला देवाने बसवलाय, आणि तो बंद करता येत नाही." त्यावर ती इथल्या बोलीत म्हणाली, "सो लकी, लाह."

तिकडची थंडी ज्याने सोसली नाही त्याला ती सांगून कळत नाही. द्राक्षाचे घड वाचवायला लोक पहाटे बागेत ओळीओळींतून शेकोट्या पेटवतात. खोबरेल तेलाची बाटली अंगणात उन्हात ठेवल्याशिवाय वेणी घालता येत नाही. मी त्या थंडीत वाढले आणि मला तिचं काही वाटत नसे, कारण माझी छाती धड होती. आईची नव्हती. तिला दमा. दिवाळी संपली की तिचा श्वास शिट्टी वाजवायला लागायचा तो होळीपर्यंत.

आधीच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती अठरा दिवस नाशिकला हॉस्पिटलात पडून होती. मी गेले नाही. आंग मो किओच्या एका कारखान्यात मला नुकतीच बढती मिळाली होती आणि नेमकी तेव्हाच तिथे नवी यंत्रं बसत होती. मी रोज फोन करायची आणि फोनवर सगळ्यांना फैलावर घ्यायची. ते मला उत्तम जमतं. सुटी देताना डॉक्टर माझ्याशी बोलले. म्हणाले, "या वेळी निभावलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा अशी थंडी लागली, तर मी शब्द देणार नाही." आईला इकडे ये म्हटलं तर ती दादांना सोडून यायला तयार नव्हती, आणि दादा घर सोडून. दादा म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर. त्यांनी आयुष्यभराच्या नोकरीनंतर जुनी कौलं उतरवून घरावर स्लॅब टाकला होता, आणि त्या स्लॅबखालीच राहायचं हे त्यांचं ठरलेलं होतं.

मग मी ठरवलं, माणसं हलत नाहीत तर घराला वठणीवर आणू.

हा माझा गर्व होता, आणि त्याला कारणही होतं. कारखान्यात माझं काम क्लीनरूमचं. तिथे चिप तयार होतात, आणि खोलीत धुळीचा कणसुद्धा शिरता कामा नये. त्यामुळे दिवसभर मी फटीच शोधायची. हातात एक बारीक धूर सोडणारी नळी घ्यायची, दाराच्या कडेने, पाइपांच्या भोवतीने फिरवायची, आणि धूर कुठे ओढला जातो ते बघायचं. जिथे ओढला जातो तिथे फट. तिथे सील मारायचं. दहा वर्षं हे केलेलं. एक तीन खोल्यांचं घर मला काय भारी आहे, असं मला वाटलं.

सप्टेंबरपासून मी मागे लागले. दादांनी शाळेतली सवय सोडली नव्हती, त्यांनी एक वहीच घातली. मी फोनवर सांगायची, ते कलम एक, कलम दोन असं लिहून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी हजेरी द्यायचे. गाद्या पिंजून घेणं, झालं. नव्या रजया, झालं. आईला लोकरीचे पायमोजे, दोन जोड, कारण आमच्याकडे माणसं कानटोपी, मफलर सगळं घालतात आणि पाय उघडे टाकून फिरतात. नळाच्या पाइपाला गोणपाट गुंडाळणं. औषधं दोन महिन्यांची आधीच आणून ठेवणं, आणि दम्याचा पंप एक उशाशी, एक देवळीत. डिंकाचे लाडू मी सांगितले नव्हते, ते आईने स्वतःच्या मनाने घुसडले. कलम नऊ.

राहिल्या फटी. स्लॅब टाकला तरी खिडक्या जुन्याच होत्या, लाकूड वाकलेलं. फोमची रिळं पोचवायची कशी, हा प्रश्न इथे कुठल्याच मराठी घरात प्रश्न नसतो. कोण इंडियाला चाललंय, एवढंच विचारायचं. हार्बरफ्रंटला शिपिंगच्या ऑफिसात असलेले एक गृहस्थ नाशिकला निघाले होते. त्यांच्या बायकोने बॅगेचं वजन करून दाखवलं, मी तिच्या डोक्यावर बसून तिची चकल्यांची थैली बाहेर काढायला लावली आणि बारा रिळं आत घातली.

आता फट कुठे आहे ते दादांना कसं कळणार? माझी धुराची नळी काही त्यांच्याकडे नव्हती. पण मेणबत्ती होती. आमच्या घरात रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून वंदना होते, तेव्हा मेणबत्तीची पाकिटं घरात कायमची. मी म्हटलं, "दादा, वंदनेच्या पाकिटातली एक मेणबत्ती घ्या. पेटवा आणि खिडकीच्या कडेकडेने हळू फिरवा. ज्योत जिथे झुकेल तिथे पट्टी लावा."

रविवारी इथे दुपारचे बारा वाजले की मी फोन लावायची, तिकडे सकाळचे साडेनऊ झालेले असायचे. दादांच्या एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात कात्री आणि पट्टी. मग फोन कोण धरणार? आई. ती त्यांच्या बरोबरीने चालत मोबाइल त्यांच्या कानाला लावून धरायची, आणि दोघं असे खिडकी खिडकी फिरायचे. मला सगळं ऐकू यायचं.

"अहो, मेण माझ्या हातावर सांडतंय."

"तू फोन नीट धर. ती काय म्हणतीये ते ऐकू येत नाही."

"ती ओरडतीये, एवढं मला इथून ऐकू येतंय."

मी ओरडतच होते. "दादा, कोपरा सोडू नका. कोपऱ्यातूनच वारा शिरतो." मधल्या खोलीत दोघं झोपायचे, तिच्यावर माझा सगळा भर. दोन खिडक्या, एक दार, आणि दारावर जाळीचा झरोका. पूर्वेच्या खिडकीला लागून आईची खाट. झरोक्याला थर्माकोल कापून बसवला. दाराच्या खालच्या फटीला रबर. चार रविवार हे चाललं. स्वयंपाकघरात उभी राहून मी टॅम्पिनीसच्या उकाड्यात घामाने निथळत असायची आणि तिकडचा एक एक वारा अडवत असायची.

पाचव्या रविवारी दादा म्हणाले, "बाळा, ज्योत हलत नाही."

"सगळीकडे फिरवलीत?"

"सगळीकडे. दोनदा. अगदी सरळ उभी आहे बघ."

त्यांच्या आवाजात पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलाचा आनंद होता. माझा जीव भांड्यात पडला. मी लेकीला उचलून घेतलं आणि सांगितलं, आजीची खोली सील झाली. ती म्हणाली, "लाइक युअर फॅक्टरी?" मी म्हटलं, "अगदी तशीच."

मग दादा आणखी एक वाक्य बोलले. ते वाक्य मी त्या दिवशी ऐकलं आणि सोडून दिलं. ते म्हणाले, "शेगडीसुद्धा आता अर्धीच भरतो आम्ही. तेवढ्यावर खोली सकाळपर्यंत ऊबदार राहते."

मी म्हटलं, "बघा, म्हटलं नव्हतं?"

आमच्या घरी लोखंडी शेगडी होती. थंडीत संध्याकाळी अंगणात तिच्यात कोळसे पेटवायचे, धूर पूर्ण जाऊ द्यायचा, लाल निखारे झाले की वर राख पसरायची आणि ती आईच्या खाटेखाली सरकवायची. आईला धूर अजिबात सोसायचा नाही, म्हणून धुराची एक वळीसुद्धा उरलेली नाही हे बघितल्याशिवाय शेगडी आत यायची नाही. धूर नाही म्हणजे बाधा नाही, असं आम्ही सगळेच मानत आलो. माझं सगळं बालपण त्या शेगडीच्या उबेत गेलं आणि कुणाला काही झालं नाही. का झालं नाही? तर कौलांतून, वाकलेल्या चौकटींतून, दाराखालून रात्रभर वारा येत होता. ज्या फटींना मी जन्मभर शिव्या घातल्या त्यांच्यावरच आम्ही जगत होतो.

आणि हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बंद जागेत कोळसा जळला की काय होतं हे कारखान्यात नव्या लोकांना मीच शिकवायची. फळ्यावर लिहून. पण शेगडी मला जळणारी वस्तू वाटलीच नाही कधी. ती आईची होती, तिच्या पानाच्या डब्याइतकी, खाटेखालच्या तिच्या चपलांइतकी तिची होती.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी माझा पराक्रम सांगितला. आमच्याकडे एक वयस्कर चिनी टेक्निशियन होते, सगळे त्यांना अंकल म्हणायचे. त्यांनी नूडल्स खाता खाता ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत काही जळतं का? स्टोव्ह वगैरे?"

"नाही. स्वयंपाकघर वेगळं आहे."

"मग ताजी हवा कुठून येते?"

क्लीनरूम कितीही बंद असली तरी तिच्यात बाहेरची स्वच्छ केलेली हवा सतत ढकलावी लागते, नाहीतर आतली माणसं गुदमरतील. आमच्या कामाचा हा अर्धा भाग. मी म्हटलं, "अंकल, ते घर आहे, क्लीनरूम नाही."

"सेम, लाह," ते म्हणाले आणि पुन्हा खायला लागले. मला थोडा रागच आला होता.

जानेवारीच्या शेवटी थंडीची लाट आली. गावात म्हाताऱ्या माणसांनासुद्धा तशी थंडी आठवत नव्हती. बागांत पानांवर पांढरं बर्फ धरलं, हौदातल्या पाण्याला हात लावला की बोटं बधिर व्हायची. मी रोज फोन करत होते. दादा म्हणायचे, "तुझी आई सुखात आहे. एकदाही पंप लागला नाही." शेवटचं बोलणं मंगळवारी झालं. ते म्हणाले, "तुझं शिक्षण कामी आलं, बाळा." मास्तर माणूस, दुसरी कुठली स्तुती करणार?

बुधवारी मी कारखान्यात असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. त्या आधी नुसत्याच रडल्या, आणि मला वाटलं, आई गेली. मी म्हटलं, "आई गेली ना?" त्या म्हणाल्या, "नाय गं. आई हाये. तुजे दादा गेले."

सकाळी दार उघडलं नाही म्हणून काकूंनी ठोठावलं होतं. बऱ्याच वेळाने आई भिंत धरत आली, कडी काढली आणि उंबऱ्यातच तिला उलटी झाली. डोकं फुटतंय म्हणत होती. दादा खाली गादीवर, रजईत. झोपेतच गेले. तालुक्याच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, वय आणि थंडी, हृदय बंद पडलं. त्या आठवड्यात गावात आणखी दोन म्हातारी माणसं थंडीने गेली होती, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. लोक म्हणत होते, पुण्यवान माणूस, त्रास न होता गेला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. दादांना माझ्यासाठी ठेवलं होतं. काकू म्हणाल्या, "थंडी व्हती म्हून ठेवता आलं." दादांच्या चेहऱ्यावर गुलाबी तजेला होता. बायका म्हणत होत्या, बघा कसे झोपल्यासारखे दिसतात. मी तो रंग ओळखला. तोही मी फळ्यावर लिहायची.

मी मधल्या खोलीत गेले. झरोक्यात थर्माकोल, दाराला रबर, खिडक्यांच्या कडांना दादांनी कात्रीने सरळ कापून लावलेल्या पट्ट्या, कुठे सुरकुतीसुद्धा नाही. खाटेखाली शेगडी होती आणि ती पांढऱ्या राखेने काठोकाठ भरली होती. मी तिथेच जमिनीवर बसले. काकूंना वाटलं दुःखाने बसले. दुःख नंतर आलं. त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट होती, की हे मी केलं.

लोक बाहेर जमत होते आणि मी आत पट्ट्या ओढून काढत होते. कुणी विचारलं तर म्हटलं, खोलीला हवा लागू दे. आईच्या उशाजवळ, खिडकीच्या खालच्या कडेला, एका जागी पट्टी नव्हती. वीतभर. मी मनात म्हटलं, गोंद सुटला असेल. त्या कच्च्या गोंदाचे मी उपकार मानले, कारण आई वाचली ती त्या वीतभर फटीवर, हे मला दिसत होतं. तेवढी फट तिच्या नाकाशी होती. दादा खाली होते, शेगडीच्या बरोबरीने.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि मी आईला घेऊन सिंगापूरला आले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता आईंना सांगून काय होणार? त्यांना जगू दे." मला हेच ऐकायचं होतं. मी मूग गिळून बसले.

अडीच वर्षं. आईचा दमा इथल्या उष्ण हवेत निम्म्याने उतरला. ती ब्लॉकखाली बाकावर बसायची, एका मलाय आजीशी खुणांनी गप्पा मारायची. एअरकॉन तिला चालत नसे आणि खिडक्या सगळ्या सताड उघड्या लागायच्या. इथल्या मराठी बायका भेटायला आल्या की दादांची आठवण निघायची, आणि आई दर वेळी तेच म्हणायची, "पोरीने सगळं केलं होतं हो. आमच्यातच कमी पडलं." मी उठून चहा ठेवायला जायची. काय कमी पडलं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं ती माझी बाजू घेतीये, आणि ते मला सहन होत नसे.

मग एका ऑगस्टात हेझ आला. शेजारच्या देशात जंगलं पेटतात आणि वारा फिरला की तो धूर इथे येतो, त्याला इथे हेझ म्हणतात. समोरचा ब्लॉक दिसेना. शाळेने मुलांना बाहेर खेळू नका सांगितलं. आईची छाती पुन्हा वाजायला लागली. शनिवारी सकाळी नवरा म्हणाला, खिडक्या बंद करून कडांना काहीतरी लावू या, आणि स्टोअररूममध्ये शोधाशोध करून तो एक रीळ घेऊन आला. तेरावं रीळ. पुढे ठेवायला म्हणून मी नंतर आणखी एक घेतलं होतं, ते तसंच पडलं होतं.

आईने ते बघितलं आणि ती उभी राहिली. "ते लावू नका."

"आई, धूर येतोय आत."

"येऊ दे. ते नको. माझ्या खोलीत ते नको." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, रीळ टेबलावर ठेवलं आणि लेकीला घेऊन तो खाली गेला.

मी तिला हाताला धरून बसवलं. ती उठून आपल्या खोलीत गेली, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. रुमाल उलगडून तिने ते माझ्यासमोर धरलं. फोमच्या पट्टीचा तुकडा होता. वीतभर. एका बाजूचा गोंद धुळीने काळा झालेला.

"मी काढली होती," ती म्हणाली. "मला कोंडल्यासारखं व्हायचं गं त्या खोलीत. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, पोरीने सांगितलंय, हात लावू नकोस. म्हणून मी गुपचूप काढली. उशाजवळची. त्या रात्रीसुद्धा मला कसंतरी झालं, डोकं गरगरायला लागलं, तर मी तिथे तोंड लावून पडले. बाहेरचा वारा बर्फासारखा यायचा. मला बरं वाटलं. आणि तोच वारा खाली ह्यांना लागला." ती पट्टीकडे बघत होती. "तू एवढं मरमर करून घर बंद केलंस. मीच थंडीला वाट करून दिली. मी मारलं त्यांना."

मी म्हटलं, "आई, असं काही नाही. त्यांचं वय झालं होतं. डॉक्टरांनीच सांगितलं ना, हृदय."

"मला नको समजावूस. थंडीनेच गेले म्हणाले ना डॉक्टर? मग थंडी आत कुठून आली?"

अडीच वर्षं ती हे घेऊन माझ्या घरात वावरत होती. माझ्या हातचा चहा पीत होती. आमच्यातच कमी पडलं, हे ती मला सांगत होती आणि मी चहाच्या आधणाकडे पळत होते. मला वाटत होतं मी तिला वाचवतीये. मी स्वतःला वाचवत होते. मला त्या क्षणी माझी इतकी चीड आली की मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

मग मी सांगितलं. सगळं. कोळसा बंद खोलीत जळला की त्यातून एक वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, धूर गेला तरी तो असतो. झोपेतच माणूस जातं. चेहरा गुलाबी होतो. "आई, थंडी आत आली म्हणून दादा गेले नाहीत. बाहेरची हवा आत आली नाही म्हणून गेले. तू ती पट्टी काढलीस म्हणून तू आहेस. ती लावायला मी सांगितली. सगळी खोली मी बंद करायला लावली. मला हे माहीत होतं, माझं कामच आहे ते, आणि शेगडीचं माझ्या लक्षात आलं नाही. मला एकाने विचारलंसुद्धा होतं. मी हसण्यावारी नेलं."

खिडकीबाहेर नुसता करडा धूर होता आणि खाली कुठे तरी लिफ्टची घंटा वाजली. मी वाट बघत होते की ती मला काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिने पट्टी दोन्ही हातांनी सरळ केली.

"ह्यांना कळलं असेल का?"

"नाही. झोपेत काहीच कळत नाही."

"बरं," ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "त्या रात्री शेगडी मी भरली होती. हे म्हणत होते अर्धी पुरे. मी म्हटलं, आज गारठा फार आहे, तुम्ही खाली निजता. मी पूर्ण भरली."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. काठोकाठ राख मी डोळ्यांनी पाहिली होती आणि ती कुणी भरली हे कधी मनात आणलं नव्हतं. मी तिच्यावरचं एक ओझं उतरवायला गेले आणि दुसरं तिच्या मांडीवर ठेवलं. मी म्हटलं, "आई, तुला माहीत नव्हतं. मला होतं." तिने मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. तिने माझा हात ओढून घेतला, ती पट्टी माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं वरून मिटली. स्वतःचा हात तिने काढला नाही.

"दोघींनी," ती म्हणाली. "एकटीने नाही." आणि मग ती रडली. दादा गेल्यावर ती रडली होती, पण अशी नाही. मीही रडले. तिचा श्वास लागला तेव्हा मी तिला पंप दिला आणि पाठ चोळत बसले.

त्या दिवशी आम्ही खिडक्या बंद केल्या, पण तिच्या उशाजवळची वीतभर उघडी ठेवली. हेझ आठवडाभर राहिला. ते रीळ नवऱ्याने खाली कचऱ्यात नेऊन टाकलं.

आता दरवर्षी दादांच्या स्मृतिदिनी आम्ही दोघी संध्याकाळी त्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतो. खिडकी उघडीच असते. नवव्या मजल्यावर वारा बराच असतो, आणि वंदना पुरी होईपर्यंत ज्योत दोन-तीनदा विझते. लेक म्हणते, "आजी, क्लोज द विंडो, लाह." आई ऐकत नाही. ती पुन्हा लावते, आणि मी काडेपेटी घेऊन तिच्या शेजारी उभी असते.